रूपमतीच्या गच्चीखालचं पाणी

मांडूच्या रूपमती मंडपाच्या गच्चीवर आमच्या गाईडने दक्षिणेकडे हात केला आणि आवाज थोडा खाली आणून म्हणाला, "वो देखिए, नर्मदा मैया." ऑगस्टचे दिवस होते. कठड्यापलीकडे दरी, निमाडची शेतं, नदी यातलं काहीही नव्हतं. होता तो नुसता पांढरा ढग, आणि तोही लांब कुठे नाही, अगदी कठड्याला टेकलेला. मधूनच त्याचा एखादा लोळ कमानीतून आत यायचा, चष्म्याच्या काचा ओल्या करायचा आणि दुसऱ्या बाजूने निघून जायचा. शेजारी जळगावकडचं एक मोठं कुटुंब होतं. त्यातल्या काकूंनी लगेच हात जोडले. "दिसली का?" "हो हो, ती काय, चमकतेय बघा." दोघातिघांनी त्या चमकण्याचे फोटोही काढले. माझी आत्या मात्र कठड्यावर दोन्ही हात टेकून, डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिली आणि शेवटी म्हणाली, "मुझे तो कुछ नहीं दिख रहा, भैया." "बादल हैं ना, माताजी. पर है वहीं." "वहीं है, वो तो मुझे भी मालूम है," आत्या म्हणाली, आणि मग तिने तो प्रश्न विचारला. "ये रानी यहाँ पीने का पानी कहाँ से लाती थी?"

गाईडने पाठ केलेलंच उत्तर दिलं. "रानी रूपमती नर्मदा जी के दर्शन किए बिना अन्न-जल ग्रहण नहीं करती थी, माताजी." आत्या माझ्याकडे वळली. "अगं, पण दर्शन झाल्यावर तरी प्यायची ना? ते कुठून?"

सगळे हसले. जळगावच्या काकूही हसल्या. गाईड पुढच्या घुमटाकडे निघाला आणि आम्ही त्याच्या मागून. पण परतीच्या वाटेवर, रस्त्याकडेच्या पालाखाली दाल-पानिये खाताना, गाडीत, घरी येऊन ओले मोजे दोरीवर टाकतानाही तो प्रश्न डोक्यातून जाईना. इतकी वर्षं इंदुरात वाढलेली मी, कुणी पाहुणे आले की 'चला मांडूला' म्हणणारी, रूपमतीची गोष्ट मराठी, हिंदी, मोडकी इंग्रजी अशा सगळ्या भाषांतून सांगून झालेली. आणि बाईला तहान लागत असेल हे मनातसुद्धा आलं नव्हतं.

आत्याच्या मनात ते आलं याचं नवल नाही. ती रामबागेत सून म्हणून आली तेव्हा इंदूरचं पाणी म्हणजे यशवंतसागर आणि बिलावलीचा तलाव, आणि दोन्ही आटले की देवाचं नाव. वाड्यात एक नळ, त्याला करंगळीएवढी धार, आणि पहाटे चारपासून त्याच्यापुढे बादल्यांची रांग. रांगेत आपण नाही, आपली कळशी उभी राहायची. कळशी कुणी सरकवली यावरून पिढ्यान्‌पिढ्यांचे अबोले व्हायचे. हे सगळं ती रागाने सांगत नाही, पण विसरलेलीही नाही. अजूनही कुणाच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला गेली की किचनच्या ट्रॉल्या आणि फॉल्स सीलिंग बघण्याआधी विचारते, "बोअर आहे का? नळाला किती वेळ येतं?" यजमान जरा हिरमुसतात. मांडूत तिने रूपमतीलाही तेच विचारलं, एवढंच.

तर पाणी. आधी ती इमारत पाहायला हवी, कारण आपण सगळे वर चढतो ते वरचे दोन घुमट बघायला आणि खालचं बांधकाम म्हणजे नुसता जिना असल्यासारखं ओलांडून जातो. खाली एक बसकं, जाडजूड दालन आहे, त्याच्या दोन टोकांना दोन खोल्या. भिंती अशा की खिडकीत बसलं तर पाय पसरून बसता येईल, आणि तळाकडे त्या उतरत्या, पायाशी रुंद. राणीसाठी म्हणून असं कुणी बांधत नाही. ही चौकी होती. मांडूच्या पठाराला चाळीसेक किलोमीटरचा तट आणि बारा दरवाजे. उत्तरेकडे काकडा खोह ही दरी त्याला माळव्यापासून तोडते. आणि दक्षिणेला, जिथे विंध्य संपतो आणि जमीन एकदम सुमारे 365 मीटर खाली निमाडात कोसळते, तिथे टोकावर ही जागा. दख्खनकडून नर्मदा उतरून कोण येतंय हे ज्याला पाहायचं आहे त्याने इथे बसायचं. पुढे कधीतरी दालन पश्चिमेकडे जोत्याच्या कडेने वाढवलं, आणि सगळ्यात शेवटी गच्चीवर हे दोन चौकोनी मंडप चढले, वर अर्धगोल घुमट, घुमटाला आतून-बाहेरून उभ्या पन्हळी. पोस्टकार्डावर येतात ते हेच. मुलाचं लग्न ठरलं म्हणून जुन्या घरावर हौसेने एक मजला चढवावा, आणि गावाने पुढे त्या घराला सुनेच्याच नावाने ओळखावं, असं काहीसं या इमारतीचं झालंय.

आणि पाणी तिच्या पोटातच होतं. पश्चिमेकडच्या तळघरात एक टाकं आहे. गच्चीवर पडलेला पाऊस उताराने वाहत भोकांवाटे खाली येतो आणि तिथे साठतो. वाटेत कोळशा-वाळूच्या थरातून तो गाळला जायचा, असं गाईड सांगतात, पण सांगतात ते विचारलं तर. त्या ऑगस्टनंतर मी पुन्हा गेले ती मुद्दाम हे बघायला. तिथे एकदम गार होतं. बाहेर भुट्टेवाल्यांचा धूर, माइकवर कुणीतरी हरवलेल्या मुलाचं नाव पुकारतंय, आणि इथे पाण्याचा तो जुना, शेवाळाचा, ओल्या चुन्याचा वास. अंधाराला डोळे सरावले तसं दिसायला लागलं: भिंतीवर पाणी कुठवर चढतं त्याच्या रेघा, एकाखाली एक; वरून ठिबकणारा एक थेंब आणि तो पडला की कमानीच्या सावलीला येणारी सुरकुती; कडेला फुगून तरंगणारी कुरकुऱ्यांची पिशवी. एक बाई नाकाला पदर लावून आत डोकावली, "कुछ नहीं है, बावड़ी है," असं मागच्यांना सांगून परत गेली. मला वाटलं, हेच तर आहे. टोकावरच्या चौकीत दहा-वीस माणसं वर्षभर ठेवायची तर त्यांना बाण, तोफ, तटबंदी यांच्याआधी प्यायला पाणी लागतं, आणि ज्याने कुणी ही जागा पहिल्यांदा बांधली त्याने आत्याचाच प्रश्न स्वतःला विचारला होता.

मांडूच्या माथ्यावर नदी नाही. हे वाक्य मी आधीही म्हटलं असतं, पण त्याचा अर्थ नीट कळला तो त्या तळघरात. 1401 मध्ये दिलावरखान घोरी माळव्याचा स्वतंत्र राजा झाला आणि त्याच्या मुलाने, होशंगशाहाने, धारहून राजधानी या डोंगरावर आणली. शत्रूच्या दृष्टीने अवघड जागा, पण सगळं शहर पावसावर. म्हणून मांडूत जिकडे पाहाल तिकडे तलाव, कुंडं, बावड्या, टाकी, पन्हळी. जहाज महाल मुंज आणि कपूर या दोन तलावांच्या मधे उभा आहे म्हणून त्याचं जहाज होतं; तलाव कोरडे असताना मे महिन्यात गेलात तर ती एक लांबट इमारत असते. तिच्या गच्चीवरच्या त्या वळणावळणाच्या दगडी पन्हळीचे आपण फोटो काढतो. त्या कारागिरांना मात्र वरून पडलेलं पाणी असं फिरवत, त्यातला गाळ खाली बसवत पुढे न्यायचं होतं. मांडूची सगळी शोभा, कितीही नाकारली तरी, पाणी साठवण्याच्या काळजीतून आलेली आहे. मला तरी ती त्यामुळे जास्तच आवडायला लागली.

ही काळजी किती खरी होती याला एक परदेशी साक्षीदार आहे. 1617 मध्ये जहांगीर लवाजम्यासह मांडूला येऊन राहिला. नूरजहाँनं सहा गोळ्यांत चार वाघ लोळवले ते याच मुक्कामात. जहांगीर खूश होता. पावसाळ्यातल्या मांडूसारखी हवा आणि शोभा दुसरीकडे नाही असं त्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय, आणि आजही मध्य प्रदेश पर्यटनाला याहून वेगळं काही म्हणायचं नसतं. पण त्याच्या मागोमाग आलेला इंग्लंडच्या राजाचा वकील, सर टॉमस रो, वेगळंच लिहितो. हजारोंची छावणी एका ओसाड पडत चाललेल्या डोंगरावर येऊन बसलेली, उन्हाळा तोंडावर, आणि पाणी नाही. ज्यांच्या ताब्यात पाण्याची जागा ते सुखी, बाकीच्यांनी भटकावं. एका खानाने मेहेरबानी करून त्याला रोज चार ओझी पाणी मंजूर केलं आणि रो त्या उपकाराने अगदी दबून गेला. वर रात्री सिंह येऊन त्याच्या मेंढ्यांवर पडला आणि जाताना एक छोटा कुत्रा घेऊन गेला. बादशहाच्या मांडूत रजईत झोपण्याइतका सुखद गारवा, वकिलाच्या मांडूत चार ओझी पाणी. डोंगर तोच, वर्षही तेच. रामबागेच्या नळावर रो उभा राहिला असता तर आत्याने त्याला नक्की नंबर दिला असता.

आता राणी. कुणी तिला सारंगपूरची म्हणतात, कुणी नर्मदेकाठच्या धरमपुरीची. गाणारी होती, कविता करायची, आणि बाज बहादूर तिच्यावर भाळला, यावर सगळ्यांचं एकमत. तो 1555 मध्ये माळव्याच्या गादीवर आला. राज्य चालवण्यापेक्षा गाण्यात जास्त रमला. 1561 मध्ये अकबराने आधमखानाला माळव्यावर पाठवलं. सारंगपुराजवळ लढाई झाली आणि बाज बहादूर पळाला. इथे गाईड नेहमी जरा घाई करतात. प्रेमकथेतला नायक बायकांना मागे टाकून पळून गेला, आणि हरलो तर त्यांना मारून टाका असा हुकूम देऊन गेला होता, हे टुरिस्टांना सांगायला बरं वाटत नसावं. रूपमती आधमखानाच्या हाती लागली आणि तिने विष घेतलं. पुढच्याच वर्षी अकबराने वेगळ्याच एका खुनाबद्दल आधमखानाला आग्र्याच्या महालाच्या सज्जावरून खाली फेकवलं. पहिल्यांदा मेला नाही म्हणून पुन्हा वर आणून फेकवलं. बाज बहादूर मात्र जगला. काही वर्षं इकडेतिकडे आसरा शोधून 1570 मध्ये तो अकबराला शरण गेला, मनसब मिळाली, आणि दरबारच्या गवयांच्या यादीत, जिथे तानसेनाचं नाव आहे, तिथेच त्याचंही नाव लागलं. त्याला गाताना ऐकून कुणी 'वा' म्हटलं की त्याला काय वाटत असेल, या विचारात मी बराच वेळ घालवलाय. सुटल्यासारखं वाटत असेल असंही कधी कधी मनात येतं, आणि मग त्याचा राग येतो.

रूपमतीने या गच्चीवरून रोज नर्मदा पाहिली का, हे मला आता फारसं महत्त्वाचं वाटत नाही. पावसाळ्यात आठ-आठ दिवस ढग हलत नाही, तेव्हा तिने उपाशी राहायचं का, हा आत्याचा पुढचा प्रश्न होता आणि तोही रास्त आहे. लोककथेला मात्र हे आधीच सुचलेलं असतं. तिच्यात नर्मदाच सांगते की अमुक झाडाखाली खणा, मी तिथे येते. आणि मग डोंगरावर रेवा कुंड होतं. नदी दिसली नाही तर कुंडाचं दर्शन घ्यायचं आणि जेवायचं. रेवा कुंड मंडपाच्या वाटेवरच आहे, काठाला पाणी वर खेचण्याच्या सोयीचे अवशेष आहेत, आणि तिथून ते शेजारच्या महालात नेत. तो बाज बहादूरचा महाल म्हणून दाखवतात, पण दारावरचा लेख सांगतो की तो नासिरुद्दीन खिलजीने 1508-09 च्या सुमाराला बांधला. म्हणजे चौकी कुणाची, महाल कुणाचा, आणि दोन्हींवर नाव या दोघांचं.

या नासिरुद्दीनची एक गोष्ट गाईड सांगत नाहीत. त्याने बापाला विष घालून मारलं असा बोलबाला होता. शंभरेक वर्षांनी जहांगीर मांडूला आला तेव्हा या गोष्टीने त्याला इतका संताप आला की त्याने नासिरुद्दीनच्या कबरीवर लाथा मारल्या, बरोबरच्या लोकांनाही मारायला लावल्या, आणि हाडं उकरून नर्मदेत फेकून द्या असा हुकूम सोडला. ज्याने स्वतः बापाविरुद्ध बंड केलं होतं त्याचा हा संताप, ही एक वेगळीच मजा. आणि सारंगपूरनंतर माळवा ज्याच्या हाती आला तो पीर मुहम्मदखान, तो 1562 मध्ये बाज बहादूरकडून मार खाऊन परतताना नर्मदेच्या पात्रात घोड्यावरून पडून बुडाला. वरच्या गच्चीतून ती कितीही निरागस दिसो, नदीच्या खात्यावर बरंच काही जमा आहे.

नोव्हेंबरात एकदा ती मला स्वच्छ दिसली. सकाळची वेळ, हवा धुतलेली, गच्चीवर आम्ही मोजकीच माणसं आणि झाडू मारणारा एक पोरगा. खाली शेतांचे तुकडे, एखाद्या ट्रॅक्टरचा आवाज किती वेळाने पोचायचा, आणि वीसेक किलोमीटरवर ती: गाईड म्हणतात तशी चांदीची-बिंदीची नव्हे, करडी, कुठे रुंद, कुठे झाडीत तुटलेली, चुकून बघायची राहून जावी इतकी साधी. मी थोडी निराशही झाले, खरं तर. मग नजर आपोआप नदीवरून अलीकडे यायला लागली, घाटाच्या वाटेवर, जशी पहारेकऱ्याची येत असेल. तो काय शोधायचा? धूळ. दिवसा धूळ आणि रात्री शेकोट्या. आणि मग एकदम जाणवलं की त्या धुळीत आपणच होतो.

1728 च्या नोव्हेंबरात चिमाजी अप्पांच्या फौजा नर्मदा उतरून, विंध्याचा घाट चढून वर आल्या आणि अमझेऱ्याला त्यांनी मोगलांचा सुभेदार गिरधर बहादूर आणि त्याचा चुलतभाऊ दया बहादूर यांना गाठलं. दोघेही पडले. पुढे धार पवारांकडे, इंदूर होळकरांकडे, उज्जैन शिंद्यांकडे. मांडूही धारच्या पवारांकडे आलं आणि संस्थानं विलीन होईपर्यंत राहिलं. 1775 च्या जानेवारीत आनंदीबाईंना मुलगा झाला तो धारच्या किल्ल्यात. तोच दुसरा बाजीराव. आमच्या घराण्यातले कुणी घोड्यावर नव्हते. घरात सांगतात त्याप्रमाणे ते होळकरांच्या दफ्तरात लेखणी घेऊन आले, फौजेच्या बऱ्याच मागून, बैलगाडीत, बायकामुलं आणि लोणच्याच्या बरण्यांसकट. तरी वाट तीच असणार. शाळेत आम्हाला मांडू शिकवलं ते सुलतानांचं आणि प्रेमकथेचं, घरी माळवा सांगितला तो राऊंचा आणि अहिल्याबाईंचा. दोन्ही एकाच खिडकीतून दिसतात हे कुणी सांगितलं नाही. डाव्या हाताला, डोळ्यांच्या टप्प्यात महेश्वर. त्याच्याही पलीकडे, न दिसणारी, रावेरखेडी, जिथे 28 एप्रिल 1740 ला थोरले बाजीराव गेले. मला अभिमान वाटला का? वाटला, थोडा. आणि ज्याची धूळ बघून चौकीवर धावपळ उडते तो आपला पूर्वज, याने जरा अवघडल्यासारखंही झालं. दोन्ही एकदमच होत होतं, आणि झाडूवाला पोरगा "दीदी, पैर उठाइए" म्हणाला तेव्हा सुटले.

खाली येताना रेवा कुंडावर परिक्रमावासी बसले होते. पांढरे कपडे, काठ्या, कमंडलू, पायात झिजलेल्या चपला, आणि बोली कोल्हापूर-सांगलीकडची, म्हणून थांबले. नर्मदा परिक्रमेत नदी ओलांडायची नाही, पण वाटेत हे कुंड करायचं असतं. त्यांच्या लेखी हे पाणी म्हणजे नर्मदाच. त्यातल्या एका काकांजवळ छोट्या बाटलीत नर्मदेचं जल होतं, रोज पूजा करतात ते. "मॅडम, इथलं पाणी प्यायचं धाडस नाही झालं," ते हिरव्या कुंडाकडे बघत हळूच म्हणाले, "नमस्कार केला. प्यायला बिसलेरी." शेजारच्या मावशी त्यांच्यावर डाफरल्या, "मैयाच्या पाण्याला असं बोलतात का हो?" आणि स्वतःही बिसलेरीच प्यायल्या. बाहेर भिल्ल बायका गोरखचिंचा मांडून बसल्या होत्या, त्या लांबट, मखमली लव असलेल्या फळांना इथे खुरासानी इमली म्हणतात. त्यांच्यातल्या एकीला मी विचारलं, गावात पाणी कुठून? तिने हनुवटीनेच हँडपंप दाखवला. उन्हाळ्यात चालतो? ती माझ्याकडे बघून हसली आणि फळाचा भाव सांगितला.

नदी डोंगरावर येत नाही, हे त्या सगळ्या गोष्टींचं मूळ दुखणं. आणि गंमत अशी की आमच्या डोळ्यांदेखत ती आली. 1970 मध्ये इंदुरात नर्मदेच्या पाण्यासाठी आंदोलन पेटलं. आत्या तेव्हा कॉलेजात होती, मोर्चात गेली होती, आणि घरी कळल्यावर जे ऐकून घ्यावं लागलं ते अजून तिला शब्दशः पाठ आहे. 1978 मध्ये पाणी आलं. मंडलेश्वरजवळ जलूदला ते उचलतात आणि सत्तरेक किलोमीटर, पाचशे मीटरहून जास्त चढ चढवत विंध्याच्या वर आणतात. पंपांवर पंप, टप्प्याटप्प्याने, रात्रंदिवस. इंदुरात नळाला पाणी आलं असं कुणी म्हणत नाही. "नर्मदा आली" म्हणतात. "आज नर्मदा नहीं आई", "नर्मदा का कनेक्शन है क्या", "नर्मदा फूट गई चौराहे पर". ज्या दिवशी पहिल्यांदा आली त्या दिवशी आत्याच्या सासूबाईंनी नळाला हळदकुंकू वाहिलं आणि ती धार अंगावर घेतली, लुगड्यासकट. नंतर मग रोजचंच झालं. आज त्याच पाण्याने लोक गाड्या धुतात आणि आत्या गॅलरीतून त्यांना ओरडते. आणि मी हेही विसरू शकत नाही की याच नदीच्या खालच्या अंगाला, 2019 मध्ये सरदार सरोवर 138.68 मीटरपर्यंत भरलं तेव्हा, निसरपूर आणि चिखलदा पाण्यात गेली. कुणाच्या दारी ती पाइपातून आली, कुणाच्या घरात उंबऱ्यावरून.

गेल्या हिवाळ्यात आत्याला घेऊन रात्रीच्या बसने पुण्याला निघाले. मानपूरचा घाट उतरला, गुजरी गेलं, धामनोद गेलं. उजव्या हाताला अंधारात कुठेतरी मांडूचा कडा असणार, पण दिसण्याचा प्रश्न नव्हता. लहानपणी याच रस्त्याने उन्हाळ्याच्या सुटीत जाताना खलघाटचा पूल आला की आजी सगळ्यांना उठवायची. खिडकी सरकवायची, हातात पाच-दहा पैशांचं नाणं ठेवायची, आणि अख्खी बस "नर्मदे हर" म्हणायची, झोपेतली माणसंसुद्धा. लोखंडावर नाणी आपटल्याचा आवाज यायचा. आता स्लीपर कोच, काचा बंद, एसी. आत्या मात्र जागीच होती. पूल येण्याआधी ती धरत-धरत पुढे गेली, ड्रायव्हरला म्हणाली, "भैया, दो मिनट रोक दो." पुलावर थांबता येत नाही, तो म्हणाला, मागे ट्रक आहेत. मग तिने दाराशी बसलेल्या क्लीनरच्या हातात दहाचं नाणं दिलं. "तू डाल दे बेटा." त्याने दार फटीएवढं उघडलं, गार वारा आत आला, आणि त्याने हात बाहेर काढला. परत घेतला तेव्हा मूठ मिटलेलीच होती, असं मला वाटलं.

"डाला ना?" आत्याने विचारलं.

"हाँ माताजी."

"बरं," ती म्हणाली, आणि येऊन पांघरूण घेऊन झोपली.